चिंचोक्यांवरचा पोकर : 'कौशल्याचा खेळ' म्हणजे नेमकं काय?

मागच्या वेळी आपण इथेच, पुंडलिकनगरात, नाणी आणि फासे घेऊन संभाव्यतेवर बोललो होतो. व्याख्यान संपलं, मंडळी चपला शोधत होती, तेव्हा एक गृहस्थ थांबले. वाळूजला कंपनीत आहेत. म्हणाले, "सर, आमचं पोरगं मोबाईलवर पोकर खेळत होतं. बरेच पैसे गेले. विचारलं तर म्हणतंय, पप्पा, हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. खरं आहे का हो ते?"

आम्ही तेव्हा "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. कारण खरं उत्तर असं आहे की मुलाचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, आणि नेमकं त्याच कारणामुळे त्याचे पैसे गेले. हे उभ्या उभ्या सांगितलं असतं तर बाप आणि लेक दोघंही आमच्यावर चिडले असते. म्हणून आज सविस्तर. ते गृहस्थ आज आलेत का, हे आम्ही बघणार नाही. तुम्हीही बघू नका.

आज आपण पोकर अगदी पहिल्यापासून शिकणार आहोत. समोर पत्त्यांचे पाच कॅट आहेत आणि पिशवीभर चिंचोके आहेत. पैसे खिशातच राहू द्या.

सुरुवात माहितीच्या गोष्टीपासून करू. पत्ते आपल्याला नवे नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत भिकार-सावकार, बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट आणि चॅलेंज खेळत आपण मोठे झालो. ही नावं नीट बघा. भिकार-सावकारात तुम्ही काही ठरवतच नाही. वरचं पान उलटायचं, नशिबात असेल ते होईल. बदाम सातमध्ये थोडं ठरवता येतं. अठ्ठी अडवून बसायचं की सोडायची, हे तुमच्या हातात असतं. मेंढीकोटात कुठली पानं पडून गेली हे लक्षात ठेवणारा भिडू सगळ्यांना हवा असतो. आणि चॅलेंजमध्ये तर तोंड सरळ ठेवून खोटं बोलता यायला लागतं. म्हणजे नशीब आणि कौशल्य हे दोन वेगळे डबे नाहीत. प्रत्येक खेळात दोन्ही असतात, प्रमाण वेगळं असतं. पोकरमध्ये मेंढीकोटातली मोजदाद आहे, चॅलेंजमधली थाप आहे, आणि वाटपापुरता भिकार-सावकारही आहे.

आता हातांची, म्हणजे पत्त्यांच्या जुळणीची, उतरंड. इथे बऱ्याच जणांना तीन पत्ती येते. लाजू नका, दिवाळीत सगळ्यांनी खेळलेली असते. तीन पत्तीत सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन राजे असे तिन्ही सारखे. मग एकाच रंगाची सिक्वेन्स, मग साधी सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी, आणि शेवटी काहीच नाही. पोकर पाच पत्त्यांवर चालतो. सगळ्यात वर एकाच रंगाची सिक्वेन्स. मग चार सारखे. मग तीन सारखे अधिक एक जोडी, याला फुल हाउस म्हणतात. मग कलर. मग सिक्वेन्स. मग तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नाही.

कुणाच्या लक्षात आलं? तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पत्तीवरून पोकरकडे आलेला माणूस पहिला फटका इथेच खातो. सिक्वेन्स हातात धरून खुशीत बसतो आणि समोरचा कलर दाखवून सगळं घेऊन जातो.

हे उलटं का? मोजू. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांत साध्या सिक्वेन्स 720 आणि साधे कलर 1,096. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती वर. आता पाच पत्ते घ्या. एकूण प्रकार 25,98,960. सिक्वेन्सच्या ओळी दहाच : एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी इथपासून दश्शी-गुलाम-राणी-राजा-एक्का इथपर्यंत. पण प्रत्येक जागी चारपैकी कुठलाही रंग चालतो, म्हणून एका ओळीचे 4 गुणिले 4 असे पाच वेळा, म्हणजे 1,024 प्रकार होतात. दहा ओळींचे 10,240. त्यातले एकाच रंगाचे 40 वगळले की उरले 10,200. कलरसाठी मात्र एका रंगाच्या तेरातून पाच निवडायचे. ते 1,287 प्रकारे होतं. चार रंगांचे 5,148, त्यातले तेच 40 वजा, राहिले 5,108. म्हणजे पाच पत्त्यांत कलर हा सिक्वेन्सच्या निम्माच वेळा येतो. दुर्मीळ झाला, म्हणून वर गेला.

तेव्हा पोकरची उतरंड घोकायची गरज नाही. जे क्वचित येतं ते वर, एवढं लक्षात ठेवा. तीन पत्तीत मात्र या नियमाला एक गंमतशीर अपवाद आहे. ट्रेलचे प्रकार 52 आणि एकाच रंगाच्या सिक्वेन्सचे 48. म्हणजे खरं तर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी रिवाजाने ट्रेल वर बसलाय. पोकरमध्ये हिशेब चोख आहे : एकाच रंगाच्या सिक्वेन्स 40, चार सारखे 624, फुल हाउस 3,744, कलर 5,108, सिक्वेन्स 10,200, तीन सारखे 54,912, दोन जोड्या 1,23,552, एक जोडी 10,98,240, आणि काहीच नाही असे 13,02,540. हा शेवटचा आकडा बघा. पाच पत्ते वाटले तर निम्म्याहून किंचित जास्त वेळा हातात काहीही नसतं.

आता खेळायचं कसं. सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पत्ते न बघताच ठरलेले चिंचोके मध्ये टाकावे लागतात. याला ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीत सगळे बूट टाकतात, इथे दोघंच टाकतात आणि ती पाळी फिरत राहते. मग एकेकाने ठरवायचं : पत्ते टाकून द्यायचे, म्हणजे फोल्ड. समोरच्याइतके चिंचोके भरायचे, म्हणजे कॉल. की वाढवायचे, म्हणजे रेज. ही फेरी झाली की मध्ये तीन पत्ते उघडे टाकतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली. मग चौथा पत्ता, टर्न. पुन्हा बोली. मग पाचवा, रिव्हर. शेवटची बोली. उरलेल्यांनी पत्ते दाखवायचे. हातातले दोन आणि मधले पाच, अशा सातातून उत्तम पाच निवडायचे. सातातून निवडताना मघाचे आकडे बदलतात, पण उतरंड तीच ठेवलेली आहे.

यात बसायची जागा महत्त्वाची. जाधववाडीच्या मार्केटात लिलाव बघितलाय ना? जो शेवटी बोलतो त्याने बाकीच्यांचे भाव ऐकलेले असतात. इथेही तसंच. शेवटी बोलणाऱ्याला फुकटात माहिती मिळते. म्हणून तेच दोन पत्ते पहिल्या जागेवर टाकून देण्यासारखे आणि शेवटच्या जागेवर खेळण्यासारखे असू शकतात.

आता आजचा मुख्य हिशेब. हा एक कळला तर बाकी विसरलात तरी चालेल.

समजा तुमच्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची नव्वी आहे. मध्ये चार पत्ते उघडे आहेत : इस्पिकची तिर्री, इस्पिकची सत्ती, बदाम गुलाम, चौकट दुर्री. तुमच्याकडे चार इस्पिक झाले. पाचवं आलं की कलर, आणि तोही एक्क्याचा, म्हणजे जवळजवळ जिंकल्यात जमा. नाही आलं तर आपण हरलो असं धरू. बाकीच्या बारीक शक्यता सध्या सोडून देऊ. एकच पत्ता यायचा बाकी आहे. मध्ये 100 चिंचोके आहेत. समोरच्याने आणखी 50 टाकले. तुम्ही 50 भरणार का?

हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. "चार इस्पिक आलेत सर, आता काय सोडायचं!" हेच ते वाक्य. मोबाईलवरचे पैसे याच वाक्याने जातात.

मोजू. तुम्हाला सहा पत्ते दिसतायत. न दिसलेले 46. समोरच्याच्या हातातलेही यातच धरायचे, कारण ते कुठले हे आपल्याला ठाऊक नाही. इस्पिक एकूण तेरा, चार दिसली, राहिली नऊ. म्हणजे 46 पैकी 9 वेळा तुम्ही जिंकाल, 37 वेळा हराल. हाच प्रसंग 46 वेळा आला असं समजा. 37 वेळा 50 गेले, म्हणजे 1,850. नऊ वेळा मधले 150 मिळाले, म्हणजे 1,350. एकूण 500 चिंचोक्यांचा तोटा. म्हणजे फोल्ड करायचं.

आता समोरच्याने 50 ऐवजी 20 च टाकले असते तर? 37 वेळा 20 गेले, 740. नऊ वेळा 120 मिळाले, 1,080. म्हणजे 340 चा फायदा. आता भरायचे. पत्ते तेच, माणसं तीच, फक्त किंमत बदलली आणि उत्तर उलटं झालं. "माझे पत्ते चांगले आहेत का" हा पोकरमधला प्रश्नच नाही. "या पत्त्यांसाठी एवढी किंमत देणं परवडतं का" हा प्रश्न आहे. शहागंजात भाजी घेताना आपण हे न शिकवता करतो. पत्ते हातात आले की विसरतो.

थापेचाही असाच हिशेब असतो. हातात काही नसताना 100 च्या डावात तुम्ही 50 टाकले. समोरचा घाबरून पत्ते टाकतो तेव्हा तुम्हाला 100 मिळतात, टाकत नाही तेव्हा 50 जातात. म्हणजे तीनांतून एकदापेक्षा जास्त वेळा तो घाबरला तर थाप फायद्याची. तो चिवट असेल, काहीही असलं तरी भरणारा असेल, तर त्याला थाप मारणं म्हणजे चिंचोके वाया घालवणं. म्हणून थाप मारण्याआधी माणूस ओळखावा लागतो.

तर मंडळी, कौशल्य आहे का? आहे. मोजता येणं, जागा ओळखणं, माणूस वाचणं, आणि सगळ्यात आधी पत्ते टाकून देता येणं. मग आता त्या मुलाच्या वाक्याकडे परत या. कौशल्याच्या खेळात पैसे कुठून कुठे जातात? ज्याला कमी येतं त्याच्याकडून ज्याला जास्त येतं त्याच्याकडे. निव्वळ नशिबाच्या खेळात नवशिक्या आणि मुरलेला सारखेच असतात. कौशल्याच्या खेळात नसतात. गल्लीतला पोरगा हौशी पैलवानाला म्हणेल का, की कुस्ती कौशल्याची आहे म्हणून मी पैज लावतो? नवशिक्यासाठी 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे वाक्य दिलासा नाही, इशारा आहे.

पण कुस्तीत आपण कच्चे आहोत हे पाठ टेकल्याबरोबर कळतं. पोकरमध्ये कळत नाही, कारण एकेका डावात नशीब मोठं असतं. हातात दोन एक्के येणं हे 221 डावांतून एकदा घडतं. समोर अगदी रद्दी पत्ते असले, वेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री, तरी पाचही पत्ते उघडेपर्यंत थांबलं तर साधारण आठांतून एकदा तीच रद्दी जिंकते. म्हणजे चुकीचं खेळून बक्षीस मिळतं आणि बरोबर खेळून मार बसतो. मघाशी 50 भरायला हात वर केलेल्यांपैकी पाचांतून एकाला इस्पिक मिळालंच असतं, आणि तो घरी जाऊन म्हणाला असता, मला जमतं. पहिल्या रात्री जिंकलेला मुलगा हरलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

आणखी एक खर्च आहे, जो कुणी मोजत नाही. आपल्याकडे अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. कसिनोत त्याला रेक म्हणतात. समजा सहा जण प्रत्येकी 100 चिंचोके घेऊन बसले. टेबलावर 600. प्रत्येक डाव सरासरी 60 चा, त्यातून नाल 3. तासाला 30 डाव झाले तर तासाला 90 चिंचोके टेबलावरून उठले. सात तास पुरे व्हायच्या आत सगळे 600 संपतील. सहाही जण सारखेच हुशार असतील तर सहाही जण रिकामे. म्हणजे नुसतं समोरच्यापेक्षा चांगलं खेळून भागत नाही. नाल भरून निघेल इतकं चांगलं खेळावं लागतं.

कायद्याचं दोन शब्दांत. आपल्या राज्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटलं. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलंय. शिवाय खेळ रमीचा असला तरी जागा चालवणारा त्यातून कमाई करत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असंही त्यात आहे. म्हणजे न्यायालयानेही नालेवर बोट ठेवलंय. पोकरबद्दल उच्च न्यायालयांत मतभेद झाले; गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच मानला. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर परवाना घेऊन तो चालतो. मोबाईलचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला : पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पोलिसांच्या भीतीने मुलं घरात सांगत नसतील तर हे त्यांना जरूर सांगा.

इथे कुणीतरी विचारणारच : मग शिकवताच कशाला? कारण आपण नाही शिकवलं तर मोबाईल शिकवतो, आणि तो हिशेबाचा भाग गाळून शिकवतो. ज्या मुलाने चिंचोक्यांवर शंभर डाव खेळून, वहीत मांडून बघितलंय, त्याला स्वतःलाच कळतं की आपण किती कच्चे आहोत. बापाने सांगून ते कळत नाही.

वनपर्वातली नळाची गोष्ट आठवा. नळ राज्य हरला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगितलं. नळाने रथ थांबवला, उतरला आणि मोजून बघितलं. आकडा बरोबर निघाला. फासेही त्या काळी बेहड्याच्या फळांचेच असत. नळाने ती विद्या मागून घेतली, आणि ती मिळाल्यावरच पुन्हा डावाला बसला. लोक या गोष्टीतलं शेवटचं जिंकणं लक्षात ठेवतात. हरलेला माणूस म्हणतो, एक डाव अजून, नळासारखं सगळं परत येईल. मधली वर्षं आणि रथातून उतरून केलेली मोजणी विसरतात. हरल्याबरोबर पुन्हा बसला तो नळ नव्हे, युधिष्ठिर. त्याचं काय झालं ते ठाऊक आहे.

ज्यांच्या घरात हे आधीच हाताबाहेर गेलंय, त्यांना हिशेब शिकवून उपयोग नाही. गेलेले पैसे परत आणायला बसणं, उधारी लपवणं, रात्र रात्र जागणं, ही दुखण्याची लक्षणं आहेत. घाटीत मानसोपचार विभाग आहे. 14416 ही टेलि-मानसची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. पोरावर ओरडण्याआधी हा नंबर लावा.

चला, आता चार-चारचे गट करा. प्रत्येकाला 100 चिंचोके. एक वही ठेवा. चिंचोके भरण्याआधी तीन आकडे लिहायचे : मध्ये किती आहेत, मला किती भरायचेत, आणि मला हवे ते पत्ते किती उरलेत. तासाभराने आम्ही चिंचोके मोजणार नाही, वह्या बघणार. आणि ज्याने सगळ्यात जास्त वेळा पत्ते टाकून दिले, त्याला आधी विचारणार की का टाकले. पिसा पत्ते.